बाबल्यास पत्र, गॉलवेहून आल्यावर

डब्लिन, रविवार रात्र

प्रिय बाबल्या,

तुझा मेसेज वाचला. 'पुढच्या वर्षी येतोय, चार दिवसांत आयर्लंड उरकायचं.' उरकायचं म्हणे! ते काय कोणाचं वर्षश्राद्ध आहे काय रे मेल्या. तू पाठवलेल्या पंधरा ठिकाणांच्या यादीवर मी काट मारलीय, त्या चार दिवसांतल्या दोन रात्री सरळ गॉलवेला दे. आम्ही कालच तिथून आलो, अजून बुटांतली वाळू झाडली नाहीये, म्हणून गरम गरम लिहितोय. व्हॉट्सअ‍ॅपवर मावणार नाही, चहा घेऊन बस.

खरं तर आम्ही जुलैच्या शेवटी जाणार होतो. आठवडाभर आधी फोन फिरवायला लागलो तर कुठेच खोली नाही, आणि जिथे होती तिथला भाव ऐकून मी 'सॉरी, राँग नंबर' म्हणून फोन ठेवला. मग ऑफिसातला एक आयरिश हसत म्हणाला, अरे रेसेस आहेत! बॅलीब्रिटला घोड्यांच्या शर्यती असतात, सात दिवस, अख्खा देश तिकडे लोटतो. म्हणजे कुणकेश्वरच्या जत्रेत देवगडात लॉज शोधण्यासारखं झालं ते. तेव्हा तू जुलैअखेर टाळ, सप्टेंबर धर. सप्टेंबर का ते खाण्याचं आलं की सांगतो.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन पकडायची, अडीच तासांत देश आडवा कापून तू पश्चिम किनाऱ्यावर. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच एअर स्क्वेअर. १९६३ मध्ये केनेडी आले होते त्यांच्या नावाने तिथे बाग केलीय, आणि एका बाजूला १६२७ सालचा एका व्यापाऱ्याच्या वाड्याचा नुसता दरवाजा उभा आहे, मागे वाडा नाही काही नाही. बाजूच्या शॉपिंग मॉलमध्ये जा, खरेदीला नव्हे, आत गावाची जुनी तटबंदी आहे! बुरुजासकट. एकीकडे मोबाइलची कव्हरं आणि दुसरीकडे मध्ययुगातली भिंत, लोक तिला टेकून कॉफी पितायत. आपल्याकडे असती तर एव्हाना तिच्यावर कोणाचं तरी बदामात नाव कोरलेलं असतं.

तिथून शॉप स्ट्रीट, मग 'की स्ट्रीट' (Quay हे स्पेलिंग बघून मी दोन दिवस 'क्वे' म्हणत होतो, कोणी सुधारलं नाही, भली माणसं), मग नदी. संपलं गाव. खरंच सांगतो, बघण्यासारखं म्हणतात ते सगळं अकरा वाजेपर्यंत आटपलं, स्मिता म्हणाली आता काय? आणि तिथून पुढेच मजा सुरू झाली, कारण दुसरं काहीच करायचं उरलं नाही म्हणून आम्ही बसायला लागलो.

पण आधी तू विचारशील त्या गोष्टी. इथे पूर्वी चौदा व्यापारी घराण्यांचं राज्य, त्यांना 'ट्राइब्ज' म्हणतात, त्यातल्या लिंच लोकांचा दगडी वाडा शॉप स्ट्रीटवर आहे आणि आत चक्क बँक. सेंट निकोलस चर्च १३२० चं, १४७७ मध्ये कोलंबस इथे प्रार्थनेला आला होता असं मानतात. शनिवारी त्याच्या शेजारच्या गल्लीत बाजार भरतो, चीज, पाव, ऑलिव्ह, भाज्या, आणि मधेच कोणीतरी व्हायोलिन कुटत असतो. नदीच्या तोंडाशी स्पॅनिश आर्च, १५८४ चा, तटाचाच भाग. स्पेनहून दारू यायची, गलबतं इथेच लागायची. १७५५ मध्ये लिस्बनला भूकंप झाला त्याच्या लाटेने त्याचा काही भाग पडला म्हणे. कुठे लिस्बन कुठे गॉलवे, पण समुद्राला कुठे पत्ते लागतात.

त्याला लागूनच म्युझियम, फुकट आहे, आत जाच. छताला अख्खी होडी टांगलीय. इथल्या ह्या जुन्या शिडाच्या होड्यांना 'हूकर' म्हणतात (हसू नकोस, स्मिता ऑलरेडी हसून झालीय), काळा लाकडी बुडखा आणि तांबूस तपकिरी शिडं. तो रंग झाडाच्या सालीचा, शीड कुजू नये म्हणून. मला एकदम तुझे आजोबा आठवले, सुती जाळी सालीच्या रसात बुडवून अंगणात वाळत घालायचे ते.

आर्चच्या समोर, नदीपलीकडे क्लॅडा. जुना कोळीवाडा, आता घरं नवी आहेत पण राजहंस मात्र ढिगाने. ती दोन हातांत हृदय आणि वर मुकुट असलेली अंगठी इथलीच. आणि ऐक, ऑगस्टमध्ये इथले पाद्री होडीतून खाडीत जाऊन समुद्राला आशीर्वाद देतात. ऑगस्टमध्ये! म्हणजे साधारण आपल्या नारळी पौर्णिमेलाच की रे. नारळ नाही एवढंच.

आता कालवं. इथली देशी कालवं सप्टेंबरपासून सुरू होतात, उन्हाळ्यात त्यांचा विणीचा काळ म्हणून खात नाहीत. हिशोब सोपा, ज्या इंग्रजी महिन्याच्या नावात 'र' असतो त्या महिन्यात खायची. सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा महोत्सवच असतो, १९५४ पासून. मी ऐटीत सहा मागवली. आली ती बर्फावर, शिंपल्यात, कच्ची, बाजूला लिंबाची फोड आणि ब्राउन ब्रेड. मी आयुष्यभर आईने केलेली कालवांची भाजी खाल्लेला माणूस, कांदा खोबरं कोकम घातलेली, आणि हे माझ्याकडे बघत होतं. वेटर म्हणाला चावायचं, नुसतं गिळू नको. चावलं. पहिल्या सेकंदाला तोंडात आपल्या किनाऱ्याची ओहोटी, खडकाचा वास, खारट, थोडं लोखंडासारखं, आणि मग मागून गोड. बाबल्या, पाचवं संपलं तेव्हा मला कळलं की आपण कालवांना उगाचच इतका मसाला लावतो. सहावं स्मिताने घेतलं, ती म्हणाली मसाला हवाच. ह्यावर आमचं अजून चाललंय.

बाकी खाणं पटकन सांगतो. सीफूड चावडर म्हणजे दाट पांढरं माशांचं सूप, थंडीत उत्तम. की स्ट्रीटवर मॅकडोनामध्ये फिश अँड चिप्स, मीठ आणि व्हिनेगर शिंपडून, पण नदीकाठी जाऊन खाऊ नकोस, समुद्री पक्षी हातातून नेतात, माझा नेला.

राहायचं सॉल्टहिलला. गावापासून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत अर्धा पाऊण तास, घरगुती बी अँड बी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता, मालकीणबाई सत्तरीच्या. सकाळी रॅशर म्हणजे बेकनचे काप, सॉसेज, अंडं, टोमॅटो आणि काळं पुडिंग. ते काळं पुडिंग डुकराच्या रक्ताचं असतं हे आधीच सांगतो, नंतर मला शिव्या नकोत. कुठले तुम्ही विचारलं, मी म्हटलं तुमचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, त्यांच्या वडिलांचं मूळ गाव आमच्या मालवण तालुक्यात. झालं! वीस मिनिटं त्यांनी घरांच्या भाड्यापासून सरकारचा उद्धार केला, जणू काही वराडच्या माणसाने मला प्रतिनिधी म्हणून पाठवलंय. चहा मात्र दोनदा दिला.

प्रॉमनेडवर चालत टोकाला गेलं की भिंत येते, तिला पाय मारून परत फिरायचं असा रिवाज आहे. का, कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हाताऱ्या बायका, कुत्री घेतलेले लोक, सगळे निमूटपणे लाथ मारून वळतात. आम्हीही मारली. समोर खाडीपलीकडे क्लेअरचे डोंगर, एक मिनिट दिसतात आणि पुढच्या मिनिटाला पाऊस त्यांना पुसून टाकतो.

एक सांगायचं राहत होतं. हे शहर आपल्याला पहिल्यांदा माहीत झालं ते २०१२ मध्ये, बेळगावच्या सविता हलप्पनवारमुळे. गर्भपात नाकारला गेला आणि ती इथेच वारली. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी गर्भपाताचा कायदा बदलायच्या बाजूने कौल दिला. बसमधून जाताना स्मिता हे आठवून गप्प झाली, मीही. त्या बसमध्ये आयरिशमध्ये थांब्यांची नावं पुकारत होते, एकही कळलं नाही.

आणि संध्याकाळ. पबात एका कोपऱ्यातल्या टेबलाभोवती चारपाच जण बसले, फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरीसारखी टिनची शिट्टी, बोडरान म्हणजे आपला डफच, माइक नाही स्टेज नाही. मग दारातून एक आजोबा आले, कोट काढला, खिशातून शिट्टी काढली आणि चालू सुरातच घुसले, कोणी वळूनही बघितलं नाही. आपल्या देवळातलं भजन आठवलं, टाळ घेऊन कोणीही मागून येऊन बसतो ते. अकराला निघू म्हणत आम्ही साडेबारापर्यंत बसलो, आणि तुझी खूप आठवण आली, कारण तू असतास तर तू पखवाज मागितला असतास.

काकूंना नमस्कार सांग. येताना त्यांच्याकडचा मसाला आण, अर्धा किलो तरी, स्मिताला वाद जिंकायचाय.

तुझा,
पप्या

ता. क. बाथरूमच्या छताला एक दोरी लोंबत असते, ती ओढल्याशिवाय गरम पाणी येत नाही. मी पहिल्या दिवशी सात अंश थंडीत गार पाण्याने अंघोळ केली आणि बाईंना 'लव्हली शॉवर' म्हणून आलो.