बॅझलजेट यांचे शेवटचे उड्डाण
महोदय,
४ ऑगस्ट हा स्क्वॉड्रन लीडर इयन बॅझलजेट यांचा स्मृतिदिन. जन्म कॅनडातील कॅलगरीचा, नोकरी मात्र ब्रिटिश हवाई दलात. १९४४ साली फ्रान्समधील व्ही-१ या जर्मन उडत्या बॉम्बच्या साठ्यावर त्यांना खुणेचे बॉम्ब टाकायचे होते. मागची विमाने खुणा पाहूनच मारा करीत. त्यांच्या लँकेस्टर या चार इंजिनी बॉम्बफेकी विमानाची उजवीकडील दोन्ही इंजिने निकामी, पंख पेटलेला, तरी खुणा अचूक पडल्या. मग डावीकडचे आतले इंजिनही गेले. चौघांनी पॅराशूटने उड्या टाकल्या. उरलेल्या दोघांपैकी एक जबर जखमी, दुसरा धुराने गुदमरलेला. त्यांना सोडायचे नाही म्हणून बॅझलजेट यांनी एका इंजिनावर विमान फ्रान्समधील सेनांत गावाजवळ उतरवले. उतरले नीट, पण लगेच स्फोट झाला. तिघेही गेले. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळायला १९४५ चा ऑगस्ट उजाडला. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील नॅन्टनच्या संग्रहालयात त्यांच्या विमानाची ओळखीची अक्षरे रंगवलेले लँकेस्टर आहे, ते जरूर पाहावे.
– एक वाचक