बेळगावला एक माप, जतला दुसरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जत पूर्व भागातल्या गावांचा विषय निघाला की ‘फुटीर’ हा शब्द हमखास येतो. त्याबद्दल थोडे.

बेळगावसाठी आपण इतकी वर्षे पाटसकर सूत्र मांडतो : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. सूत्र रास्तच आहे. मग 2012 मध्ये जतमधल्या चाळीसेक गावांनी पाण्यापायी कर्नाटकात जाण्याच्या ठरावाची भाषा केली, तेव्हा तीच लोकेच्छा गद्दारी कशी झाली?

उमदीकडे माझ्या मावसबहिणीच्या अंगणात पाण्याच्या बॅरलला कुलूप असायचे. किल्ली तिच्या कमरेला. भावजी टँकरवाल्याला कन्नडमध्ये शिव्या घालायचे आणि तहसीलदाराला मराठीत अर्ज लिहायचे. उपयोग दोन्हींचा सारखाच.

नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी तो जुना ठराव उकरून काढला आणि मुंबईला एकदम जत आठवले. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून जतकडे आणणाऱ्या विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली पळू लागल्या. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल या धाकानेच दुकानदार माप नीट घालतो. मी शेतकरी संघटनेचा बिल्ला लावून फिरलेला माणूस. शेतमालाला बाजार निवडू द्या म्हणायचे आणि गावाला राज्य निवडू देऊ नका म्हणायचे, हे मला जमत नाही.

लिख्टेनस्टाईन हा 11 गावांचा देश. 2003 पासून तिथल्या प्रत्येक गावाला मतदान घेऊन बाहेर पडण्याचा घटनात्मक हक्क आहे. एकही गेलेले नाही. स्वित्झर्लंडमधल्या मूतिए गावाने मात्र 2021 मध्ये मतदान करून बर्न सोडून ज्युरा प्रांतात जायचे ठरवले. आपल्याकडे घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्यांच्या सीमा संसद बदलते. विधानसभेचे मत निदान मागवले तरी जाते, ग्रामसभेला कोणी विचारतही नाही.

देश सोडायची गोष्ट इथे कोणी केलेली नाही, मीही करत नाही. कालवे, पंप, कर्ज यांची वाटणी कशी करायची हा प्रश्न मात्र खरा आहे. कृष्णेचे पाणी ठरावाने टप्पे चढत नाही. पण बहुतेक गावांना जायचे नसतेच, पैसा आणि निर्णय हाताशी हवा असतो. आज आपल्या जिल्ह्यात असलेली आटपाडी औंध संस्थानात होती. तिथे 1939 मध्ये खुद्द राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. आणि आमच्या जिल्हा परिषदेवर मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर प्रशासक आला, तो वर्षानुवर्षे हललाच नाही!

बेळगावसाठी लोकेच्छा मागणाऱ्या महाराष्ट्राने आधी जतच्या या गावांत गुप्त मतदान घ्यावे. माझे मत महाराष्ट्रालाच पडेल. पण विचारा तरी.

आपला,
एक वाचक, जत (जि. सांगली)