कुविनच्या थडग्यातली कुत्री

कर्कवॉल, ऑर्कनी बेटं, स्कॉटलंड
रविवार रात्र

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

हे आईला फोनवर सांगितलं नाही. ‘थडग्यात कशाला शिरलीस?’ म्हणत तिने इतक्या लांबून मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली असती.

आज कुविन टेकडीवरचं जुनं थडगं बघायला गेले होते. खाली फिन्सटाऊन गाव, समोर खाडी. बाहेरून नुसता गवताचा उंचवटा दिसतो. दाराशी डब्यात बॅटरी असते, ती घ्यायची आणि रांगत शिरायचं. १८ फुटांचा बोळ, पण डोकं वर करायची सोय नाही. निम्म्यात गेल्यावर वाटलं, मागे फिरावं. पण वळणार कुठे?

आत एकदम उभं राहता येतं. इथला दगड आपल्या शहाबादी फरशीसारखा सपाट निघतो. थरावर थर, वरचा थर खालच्यापेक्षा जरासा आत, म्हणून वर जाता जाता भिंती जवळ येतात. चुना नाही, काही नाही. आपल्या परसातला गडगा दर पावसाळ्यानंतर नव्याने रचावा लागतो. ही रचना ५००० वर्षांपूर्वीची!

मधल्या खोलीला चार बाजूंना चार कोठड्या. १९०१ साली खणलं तेव्हा माणसांच्या निदान ८ कवट्या निघाल्या आणि कुत्र्यांच्या २४. काही अभ्यासक म्हणतात, कुत्रा हे त्या लोकांचं कुळचिन्ह असावं. आपल्याकडचं देवकच की! दक्षिणेला इस्बिस्टरच्या थडग्यात अशीच समुद्रगरुडांची हाडं सापडली. आणि गंमत म्हणजे, कार्बनवरून काळ काढला तर कुविनची कुत्री थडगं बांधल्यावर ५०० हून जास्त वर्षांनी तिथे ठेवलेली निघाली. वीसेक पिढ्यांनंतरही लोक त्या बोळातून रांगत येत होते. आपल्याला पणजोबांच्या वडलांचं नाव विचारलं तर तुम्हीसुद्धा वही काढाल.

२०१९ मध्ये त्यातल्या एका कवटीवरून कुत्र्याचं तोंड घडवलं. कॉली जातीच्या मोठ्या कुत्र्याएवढं जनावर, चेहऱ्यात थोडा लांडगा. फोटो पाकिटात घातलाय. मोत्याला फणसाखाली पुरताना तुम्ही शेजारी भाकरी ठेवलीत आणि काकू हसल्या, ते आत बसल्या बसल्या आठवलं.

दोन्ही गुडघे सोलवटलेत, नवी पँट फाटली. आईला पँटचं सांगा, थडग्याचं नको.

तुमची,
सुमी