इटलीला जाताय? आधी संपाचं बघा

संपादक साहेब,

सुट्टीत युरोपला स्वतःचं स्वतः जाणाऱ्यांसाठी लिहितोय. आम्ही दोघं गेल्या वर्षी टूरवाल्यांशिवाय इटली फिरलो. फ्लोरेन्स स्टेशनवर बघतो तर बोर्डावर एकाखाली एक गाड्या रद्द आणि 'शोपेरो' असं काहीतरी लिहिलेलं. शोपेरो म्हणजे संप, हे बाकड्यावरच्या एका आजींनी हातवारे करून समजावलं. आमच्या पिढीला रेल्वेचा संप म्हटलं की १९७४ आठवतो, जॉर्ज फर्नांडिस, तीनेक आठवडे सगळं ठप्प, त्यामुळे बायको घाबरलीच की आता मुक्काम इथेच.

पण तिकडचा संप बहुतेकदा एक दिवसाचा नाहीतर काही तासांचाच असतो आणि १९९० च्या कायद्याने निदान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तारखा त्यांच्या वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर चक्क यादी करून टाकलेल्या असतात, आम्ही बघितल्याच नाहीत ते सोडा. शिवाय कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ जवळच्या पल्ल्याच्या ठराविक गाड्या सोडाव्याच लागतात. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात सहापर्यंत बसलो आणि त्यातल्याच एका गाडीने पिसाला पोचलो.

विमान असेल त्या दिवशी लांबचा रेल्वे प्रवास ठेवूच नका, आदल्या रात्रीच त्या गावात जाऊन झोपा. आणि हो, संपामुळे रद्द झालेल्या गाडीचं तिकीट जपून ठेवा, पैसे परत मागता येतात. आमचं हिने रागारागात तिथेच फाडलं.

- एक वाचक, पुणे