मनीचं खाणं आणि लग्नाची पैठणी

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली खर्चाची यादी वाचली. पगार थांबलाय, तेव्हा मनीचं खाणं आणि लग्नाच्या साड्या या दोन्ही ओळींवर तू काट मारलीस. साड्यांवर मार, मांजरावर नको.

दूध-पोळीवर मांजर जगतं हा आपल्याकडचा जुना गैरसमज. त्याला टॉरिन हा अत्यावश्यक पोषक घटक मांसातूनच मिळतो; तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा आणि हृदय खराब होतं. नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही, कारण त्यात कॅल्शियम अगदी कमी असतं आणि टॉरिन बरंचसं पाण्यात उतरतं. वरचं खाणं म्हणून चालेल, पण कांदा-लसूण अजिबात नको. स्वस्त ब्रँड जरूर घे, मात्र पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलेलं हवं. ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे पूरक; त्यावर पोट भरायचं नाही. भाव पाकिटाचा न बघता किलोचा काढ. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम कोरडं खाणं लागतं, म्हणजे तीन किलोची पिशवी जवळजवळ दोन महिने उघडी राहणार. ऐरोलीच्या पावसाळी हवेत तोवर त्यातली चरबी खवट होते आणि मनी तोंड फिरवते. लहान पिशवी घे आणि ती तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

ब्रँड एका दिवसात बदलू नकोस. दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. शी पातळ झाली तर आहे त्याच प्रमाणावर दोन दिवस थांब. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजरापुढे चालत नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठते, आणि मग डॉक्टरचं बिल साडीच्या वर जातं.

पीएफला हात लावण्याआधी विचार कर. पाच वर्षं सलग नोकरी झालेली नसताना काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो. नव्या नोकरीत खातं ट्रान्सफर केलंस तर जुनी वर्षं धरली जातात. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. तो चालू असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागावा, म्हणजे भरलेला वेटिंग पिरियड (काही आजारांना विमा लागू होण्याआधीची मुदत) वाया जात नाही.

आता पैठणी. चार-पाच हजारांत हातमागाची येत नाही, आणि तशी सांगून कोणी देत असेल तर पदर उलटा कर. हातमागावर मोराच्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून फिरतो आणि रंग संपतो तिथेच मागे वळतो, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. मागे धागे लोंबत किंवा कापलेले दिसले तर ती यंत्राची. काठावरून मात्र ठरवू नकोस. हातमागावरही काठ बऱ्याचदा जॅकार्डने, म्हणजे नक्षीच्या साच्याने, काढतात. सिल्क मार्क फक्त रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. खरं सांगायचं तर सेमी-पैठणी, म्हणजे यंत्रावरची, घेतलीस तरी फोटोत कोणाला कळणार नाही. फक्त सेमीचे पैसे सेमीइतकेच दे.

राम मारुती रोडच्या साडीच्या दुकानांत शनिवार-रविवारी जाऊ नकोस. मंगळवारी-बुधवारी सकाळी दुकान उघडताना गेलीस तर दुकानदार साडी दारापर्यंत आणून दाखवतो, आणि रंग उजेडातच बघायचा असतो. ट्यूबलाइटखालची मोरपंखी घरी येऊन भलतीच निघते. सुट्टीचा एवढा तरी फायदा घे!

ब्लाउजपीस महिनाभर आधी शिंप्याकडे पोचलं पाहिजे. मार्गशीर्षात शिंपी कोणाचं ऐकत नाहीत. सुती अस्तर आधी रात्रभर भिजवून वाळव. तसं केलं नाही तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं रेशीम चुण्या धरतं. दोन्ही बाजूंना इंचभर माया (शिलाईत जास्तीचं कापड) ठेवायला सांग; घरी बसून वजन हलतंच. आणि माप द्यायला जाताना लग्नात आत जे घालणार आहेस तेच घालून जा.

तुझी,
आई