वायफाय कार्ड चांगलंच होतं, बदलायचे पैसे परत द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: शटडाऊननंतर वायफाय-ब्लूटूथ आपोआप बंद होणं आणि विनाकारण लावलेला कार्डाचा खर्च

नमस्कार,

तुमचा लॅपटॉप घेतला तो लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टम) आधीच टाकून मिळतो म्हणून. पण रात्री शटडाऊन करून सकाळी चालू केला की वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, सेटिंगमध्ये जाऊन हाताने चालू करा मग दिवसभर काही त्रास नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. तुमच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं कार्ड गेलंय, बदलावं लागेल, वॉरंटीत बसत नाही. पैसे भरले, नवीन कार्ड बसलं, आणि सकाळी वायफाय बंदच.

मग मी स्वतः टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडून आरएफकिल लिस्ट ही कमांड चालवली, ती वायफाय-ब्लूटूथ कशामुळे बंद आहे ते दाखवते. त्यात हार्ड ब्लॉक नो आणि सॉफ्ट ब्लॉक येस आलं. म्हणजे कुठलं बटण किंवा हार्डवेअर अडवत नव्हतं, सॉफ्टवेअरनेच रेडिओ (वायफाय-ब्लूटूथचे सिग्नल पाठवणारा भाग) बंद ठेवलेला. हे बघायला एक मिनिट पण लागत नाही, तुमच्या माणसांनी कार्ड काढायच्या आधी एवढं तरी बघायला नको का?

कारण असं आहे. सिस्टमडी म्हणजे लिनक्स सुरू करणारा आणि चालवणारा मुख्य प्रोग्राम, त्याचा आरएफकिल नावाचा भाग प्रत्येक रेडिओचा स्विच चालू होता का बंद ते लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तसाच लावतो. वार फोल्डरच्या आत लिब, त्यात सिस्टमडी, त्यात आरएफकिल, तिथे प्रत्येक रेडिओची छोटीशी फाईल असते, आत फक्त ० किंवा १, आणि १ म्हणजे ब्लॉक. तुम्ही सोबत दिलेला बॅटरी वाचवायचा प्रोग्राम शटडाऊनच्या वेळी सगळे रेडिओ बंद करतो, सिस्टमडीला वाटतं मालकानेच बंद केले, तो १ लिहितो आणि सकाळी इमानदारीत बंद करून देतो. सिस्टमडीची यात चूक नाही, तो त्याचं काम बरोबर करतोय, तुम्ही दोघांना एकत्र बसवलं आणि एकाला दुसऱ्याबद्दल सांगितलंच नाही.

आणि नवीन कार्डाने फरक का पडला नाही ते पण सांगतो. त्या फाईलचं नाव कार्डाच्या कंपनीवरून किंवा नंबरवरून पडत नाही, कार्ड कुठल्या पीसीआय जागेवर (मदरबोर्डवरची कार्ड जोडायची जागा) बसलंय आणि रेडिओ कुठल्या प्रकारचा आहे, वायफाय की ब्लूटूथ, त्यावरून पडतं. त्याच जागेवर नवीन कार्ड बसवलं की जुनाच १ त्याला लागू होतो. म्हणजे हा खर्च करून उपयोग होणारच नव्हता.

मी सध्या सिस्टमडी-आरएफकिलची सर्व्हिस आणि तिला जागं करणारं सॉकेट दोन्ही मास्क केलेत, म्हणजे चालूच होणार नाहीत असे बंद केलेत, तेव्हापासून सकाळी वायफाय चालू असतं. टीएलपी नावाचा असाच बॅटरी वाचवायचा प्रोग्राम आहे, तो बनवणारे पण तो वापरणाऱ्यांना त्यांच्या माहितीत हेच करायला सांगतात, मग तुम्ही विकतानाच का करून देत नाही? ज्यांना टर्मिनल माहीत नाही त्यांनी काय करायचं, दर वेळी कार्ड बदलत बसायचं?

मला कार्डाचे आणि मजुरीचे पूर्ण पैसे परत हवेत, माझं मूळ कार्ड परत हवं, आणि सगळ्या ग्राहकांसाठी हे दुरुस्त करणारा अपडेट हवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तक्रार नोंदवणार आहे. बिल आणि कमांडच्या आउटपुटचे फोटो सोबत जोडलेत.

आपला,
एक ग्राहक