पहिल्या दिवसाचा कौल

महोदय,

प्रतिस्पर्धी तंत्रज्ञान कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या घोषणेनंतर शेअर कोसळले, की ती गुंतवणूकदारांची घबराट ठरवली जाते. हे मला पटत नाही. सप्टेंबर 2001 मध्ये ह्युलेट-पॅकार्डने कॉम्पॅक घेण्याचे जाहीर केले, तेव्हा मोबदला रोखीत नव्हता. कॉम्पॅकच्या एका शेअरमागे ह्युलेट-पॅकार्डचे 0.6325 शेअर मिळणार होते. त्यामुळे पहिल्याच सत्रात ह्युलेट-पॅकार्डचा भाव सुमारे 18 टक्क्यांनी घसरताच, ज्याने पेढे वाटायचे तो कॉम्पॅकचा भागधारकही पोळला. घबराट कसली, हा साधा गुणाकार होता! संस्थापकपुत्र वॉल्टर ह्युलेट यांनी उघड विरोध करूनही मार्च 2002 मधील मतदानात प्रस्ताव तरला, पण अगदी निसटत्या बहुमताने.

आपला,
एक भागधारक वाचक, पुणे